स्थानिक वीजजाळे : गावाच्या विजेचा हिशेब
(इयत्ता सातवीसाठी विज्ञान, गणित व परिसर अभ्यास यांचा संयुक्त नमुना पाठ)

प्रास्ताविक

वीज हा घटक आपल्या शाळांतून बहुधा घट, तारा व दिवा एवढ्या साहित्यावर शिकविला जातो. मंडल पूर्ण झाले की दिवा लागतो आणि तुटले की विझतो, हे विद्यार्थ्यांना चटकन उमजते. परंतु आपल्या गावाला रोज किती वीज लागते, ती कोठून येते, तिचे मोल कोण भरतो, आणि ती नाहीशी झाली असता गावाने काय करावे, हे प्रश्न पाठ्यपुस्तकाच्या समासातच राहून जातात. वास्तविक खेड्यातील मुलाच्या जीवनाशी ज्यांचा निकट संबंध आहे असे हेच प्रश्न होत.

आपल्या जिल्ह्याला हे प्रश्न महापुराने विचारलेले आहेत. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली. तेथील धोक्याची पातळी ४३ फूट आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या पाण्याची कल्पना येईल. करवीर व शिरोळ तालुक्यांतील अनेक गावे पाण्याने वेढली गेली. वीज उपकेंद्रे व डीपी पाण्यात बुडाल्यामुळे पुरवठा बंद ठेवावा लागला. वीज नाही म्हणून पाणी उपसणारी यंत्रे बंद, आणि यंत्रे बंद म्हणून सभोवार पाणीच पाणी असता पिण्याच्या पाण्याची टंचाई, अशी विपरीत अवस्था झाली. जुलै २०२१ मध्ये तोच प्रसंग पुन्हा आला. दोन्ही वेळी पूरग्रस्तांना ज्या इमारतींनी आसरा दिला, त्यांत आपल्या शाळाही होत्या. दुसरीकडे शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, चंदगड या डोंगराळ तालुक्यांतील वाड्यांवर पावसाळ्यात झाड कोसळून तार तुटली, तर दुरुस्तीचे मनुष्य तेथवर पोचेपर्यंत अंधारात दिवस काढावे लागतात.

अशा ठिकाणी उपयोगी पडणारी व्यवस्था म्हणजे स्थानिक वीजजाळे. एखाद्या वाडीपुरती अथवा लहान गावापुरती वीज तेथल्या तेथेच सूर्यप्रकाशापासून किंवा ओढ्याच्या पाण्यापासून निर्माण करावयाची, थोडी साठवावयाची व आपल्याच तारांनी घरोघर पोचवावयाची, अशी ही योजना आहे. यासच मिनीग्रिड म्हणतात. अशा जाळ्याचे नियोजन कसे करतात हे विद्यार्थ्यांकडून प्रत्यक्ष करवून घेणे, हा प्रस्तुत पाठाचा हेतू आहे. त्यातून त्यांच्या मनावर ठसावयास हवी ती गोष्ट एकच : हिशेब आधी, यंत्र मागाहून. ज्या गावांनी हा क्रम उलटा केला, त्यांची यंत्रे गंजून गेली.

पूर्वपीठिका

वीज म्हणजे दूरच्या मोठ्या केंद्रातून उंच मनोऱ्यांवरून येणारी वस्तू, अशी मुलांची समजूत असते. इतिहास मात्र निराळा आहे. आपल्या देशात पाण्यापासून विजेची निर्मिती प्रथम झाली ती १८९७ साली दार्जिलिंगजवळ सिद्रापोंग येथे, आणि त्या केंद्राची शक्ती अवघी १३० किलोवॅट होती. ती वीज त्या एका डोंगरी नगरासाठी होती. म्हणजे भारतातील जलविजेचा आरंभच स्थानिक जाळ्याने झाला. टाटांचे खोपोली येथील मोठे केंद्र त्यानंतर, १९१५ साली, सुरू झाले.

आपल्या जिल्ह्यातील उदाहरण राधानगरीचे आहे. राजर्षी शाहू छत्रपतींनी भोगावती नदीवर धरण बांधण्याचे काम विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हाती घेतले. मध्यंतरी कित्येक वर्षे ते थांबले व अखेरीस १९५७ साली धरण पूर्णत्वास गेले. धरणाच्या पायथ्याशी प्रत्येकी १.२ मेगावॅट शक्तीची चार जनित्रे बसविण्यात आली. एकूण शक्ती ४.८ मेगावॅट, म्हणजे ४,८०० किलोवॅट. हा आकडा फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावा, पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

आज आपल्या जिल्ह्यात मुख्य जाळ्याची वीज गावोगाव पोचलेली आहे. मग वेगळ्या जाळ्याचा विचार कशासाठी, असा प्रश्न एखादा चौकस विद्यार्थी विचारील व त्याने तो विचारावा. त्यास उत्तर असे की, स्थानिक जाळे हे मुख्य जाळ्याचे वैरी नव्हे. चांगल्या दिवसांत दोघांनी एकमेकांना जोडून असावे, आणि वाईट दिवसांत लहान जाळ्याला स्वतःच्या पायांवर उभे राहता यावे, अशी आखणी अपेक्षित आहे.

पाठाचे उद्देश व साहित्य

१. वॅट, किलोवॅट व युनिट यांतील भेद समजणे. २. घराच्या व गावाच्या रोजच्या विजेचा अंदाज काढता येणे. ३. सूर्य व ओढा यांपासून मिळणाऱ्या शक्तीचे ढोबळ गणित करता येणे. ४. सामाईक वस्तूची निगा व तिचा खर्च यांविषयी जबाबदारीची जाणीव होणे.

साहित्य : घरी आलेली विजेची देयके, विजेच्या उपकरणांवरील वॅटचे आकडे, मीटरपट्टी, घड्याळ, लाकडाचा हलका तुकडा, गवंडी वापरतात ती पारदर्शक पाणनळी. एकूण पाच तासिका पुरतात.

पहिली तासिका : मोजणी

प्रारंभी पुढील भेद स्पष्ट करावा. वॅट ही शक्ती, म्हणजे काम करण्याचा वेग. १,००० वॅट म्हणजे १ किलोवॅट. १ किलोवॅटचे उपकरण १ तास चालले की १ युनिट वीज खर्च होते. घागर भरण्याचे उदाहरण येथे चांगले उपयोगी पडते. नळाची धार केवढी, हे वॅटसारखे, आणि घागरीत पाणी किती जमले, हे युनिटसारखे.

नंतर विद्यार्थ्यांचे गट पाडून प्रत्येकास काही घरे वाटून द्यावीत. कोणती उपकरणे, प्रत्येकी किती वॅटची व रोज किती तास चालतात, एवढेच विचारून लिहून आणावे. घरातील माणसांना प्रश्न विचारताना नम्रता ठेवावी, तसेच ज्या घरी उपकरणे थोडी आहेत त्यास कमीपणा वाटेल असे काही बोलू नये, हे निघण्यापूर्वीच बजावावे. वाडीतील शेवटचे घरदेखील सुटता कामा नये. नियोजनात बहुधा शेवटचे घरच विसरले जाते, आणि तारही बहुधा तेथेच तोकडी पडते.

दुसरी तासिका : बेरीज

नमुन्यादाखल ६० घरांची एक कल्पित वाडी घेऊ. एका सर्वसाधारण घराचा हिशेब फळ्यावर असा मांडावा :

९ वॅटचे ३ दिवे, ५ तास : १३५ वॅट-तास
७५ वॅटचा १ पंखा, ६ तास : ४५० वॅट-तास
६० वॅटचा दूरदर्शन संच, ३ तास : १८० वॅट-तास
५ वॅटचा मोबाईल चार्जर, ३ तास : १५ वॅट-तास
एकूण : ७८० वॅट-तास

६० घरांस मिळून ४६,८०० वॅट-तास, म्हणजे ४६.८ युनिट. आता विद्यार्थ्यांना विचारावे, ‘यातील सर्वांत मोठा वाटा कोणाचा?’ पंख्याचा, हे ते लगेच सांगतील. त्याच वाऱ्यासाठी ३० वॅटमध्ये चालणारा नव्या पद्धतीचा पंखा वापरला, तर पंख्याचा खर्च ४५० वरून १८० वर येतो, घराचा एकूण ५१० व वाडीचा ३०.६ युनिट होतो. रोज १६.२ युनिट वाचले. पुढील तासिकेतील रीतीने पाहिले असता, एवढ्या विजेसाठी सुमारे ५ किलोवॅटची सौर पॅनेले जास्त बसवावी लागली असती व साठ्याच्या बॅटऱ्याही त्या प्रमाणात वाढल्या असत्या. वीज निर्माण करण्यापेक्षा वाचविणे बहुधा स्वस्त पडते, हा सिद्धान्त येथे उपदेशाने सांगावा लागत नाही, तो वजाबाकीतूनच निघतो.

आता सार्वजनिक गरजा मिळवाव्यात :

घरे : ३०.६ युनिट
शाळा (४ पंखे, ८ नळीदिवे, संगणक व प्रक्षेपक) : १.४ युनिट
रस्त्यावरील २० वॅटचे १० दिवे, ११ तास : २.२ युनिट
पिण्याच्या पाण्याची मोटार, सुमारे ३ किलोवॅट, ३ तास : ९.० युनिट
पिठाची गिरणी, सुमारे ४.५ किलोवॅट, ३ तास : १३.५ युनिट
एकूण : ५६.७ युनिट

एकट्या गिरणीला घरोघरच्या विजेच्या जवळजवळ निम्मी वीज लागते, हे पाहून मुलांना नवल वाटेल. परंतु गिरणी वगळू नये. ज्या जाळ्यावर केवळ दिवे लागतात त्याचे उत्पन्न तुटपुंजे असते. ज्यावर गिरणी, शिवणयंत्र, सुतारकाम, दुधाचे शीतकरण यांसारखा व्यवसाय चालतो, त्याचा पैसा नियमित येतो व तोही दिवसाच्या उजेडात, साठ्यावर भार न टाकता.

तिसरी तासिका : सूर्य आणि ओढा

आपल्या भागात वर्षाची सरासरी धरता १ किलोवॅट सौर पॅनेलपासून रोज सुमारे ४ युनिट वीज मिळते. तारा, बॅटऱ्या व इन्व्हर्टर यांत मिळून पाचवा हिस्सा वाया जातो असे धरू. म्हणजे ५६.७ युनिट घरी पोचावयास ५६.७ भागिले ०.८, अर्थात सुमारे ७१ युनिट निर्माण झाले पाहिजेत. त्यास ४ ने भागले की जवळजवळ १८ किलोवॅट येतात. एका किलोवॅटला ढोबळमानाने १०० चौरस फूट सावलीरहित जागा धरली, तर १,८०० चौरस फूट जागा लागेल. ती गावठाणात कोठे निघते, हे विद्यार्थ्यांनी नकाशावर दाखवावे. झाडाची अथवा टाकीची सावली सकाळी व दुपारनंतर कोठवर येते, हेही पाहावे. पॅनेलच्या थोड्या भागावर पडलेली सावलीही एकंदर वीज बरीच घटविते.

एवढ्यावर हिशेब संपला असे मानणे ही नियोजनातील सर्वांत सामान्य चूक होय. सरासरीने वर्ष निभावते, पण जुलै महिना निभावत नाही. घाटमाथ्यालगत जुलै व ऑगस्टमध्ये दिवसच्या दिवस सूर्यदर्शन होत नाही व पॅनेलचे उत्पादन निम्म्यावर, प्रसंगी त्याहूनही खाली येते. १ किलोवॅटला २ युनिट धरले, तर १८ किलोवॅटपासून ३६ युनिट निर्माण होऊन केवळ २८.८ युनिट हाती लागतील. मग काय करावे? अधिक पॅनेले घ्यावीत, असे विद्यार्थी म्हणतील. त्यांना थोडा वेळ विचार करू द्यावा. पावसाळ्यात पंखे फारसे लागत नाहीत. पंखे वगळता घरांची गरज १९.८ युनिट व शाळेची ०.७ युनिट राहते. रस्त्यावरील दिव्यांचे २.२, आणि मोटार ३ ऐवजी २ तास चालविल्यास ६ युनिट. एकूण २८.७ युनिट. म्हणजे घरे, शाळा, रस्ता व पाणी ही चारही कशीबशी भागली, राहिली ती गिरणी.

येथे विद्यार्थ्यांची दृष्टी ओढ्याकडे वळवावी. जो पाऊस सूर्य झाकतो, तोच ओढा भरतो. सह्याद्रीच्या कुशीतील गावांना निसर्गाने दिलेली ही जोडी आहे. पाण्याच्या शक्तीचे ढोबळ सूत्र असे : दर सेकंदास वाहणारे पाणी लिटरमध्ये, गुणिले पाणी पडण्याची उंची मीटरमध्ये, गुणिले १०, म्हणजे वॅट. यंत्र व नळ यांतील घट जाता त्यातील सुमारे सहा-दशांश हाती येते.

प्रवाह मोजण्याची रीत : पाटाचा सरळ असा १० मीटर भाग निवडावा. रुंदी अर्धा मीटर व खोली ०.२ मीटर भरली. लाकडाचा हलका तुकडा ते अंतर १७ सेकंदांत तोडतो, म्हणजे वेग सेकंदास सुमारे ०.६ मीटर. ०.५ गुणिले ०.२ गुणिले ०.६ म्हणजे ०.०६ घनमीटर. पृष्ठभागावरील पाणी तळच्या पाण्याहून वेगाने वाहत असल्यामुळे त्याचे आठ-दशांश धरावे. ते ४८ लिटर, म्हणजे जवळजवळ ५० लिटर होते. उंचीतील फरक पाणनळीने टप्प्याटप्प्याने काढून बेरीज करावी. तो १६ मीटर भरला, तर ५० गुणिले १६ गुणिले १०, बरोबर ८,००० वॅट, व त्याचे सहा-दशांश ४,८०० वॅट, म्हणजे ४.८ किलोवॅट. गिरणीस ४.५ किलोवॅट हवे होते. गिरणी चालली, आणि रात्रीही ओढा वाहतच असल्यामुळे साठ्यास हातभार लागला.

आता फळ्याच्या कोपऱ्यातील राधानगरीच्या आकड्याकडे बोट दाखवावे. तेथे ४,८०० किलोवॅट, येथे ४.८ किलोवॅट. आपल्या वाडीचा ओढा राधानगरीच्या जनित्रांचा एक हजारावा भाग आहे, परंतु नियम दोघांना एकच.

सूचना : हा प्रयोग विद्यार्थ्यांकडून शेताच्या पाटावर, कमी पाण्यात करवून घ्यावा. पावसाळ्यातील ओढ्याचे माप जाणत्या माणसांनीच घ्यावे. भरल्या ओढ्याजवळ मुलांना कोणत्याही निमित्ताने नेऊ नये.

चौथी तासिका : साठा व वेळापत्रक

सूर्याची वीज दिवसा येते व घरे ती मुख्यत्वे रात्री वापरतात. घरांचे ३०.६ व रस्त्याचे २.२, असे सुमारे ३३ युनिट रात्रीसाठी साठवावे लागतील. बॅटरी पूर्ण रिकामी करीत गेल्यास ती लवकर निकामी होते. लिथियमच्या बॅटरीतून आठ-दशांश वापरावयाचे ठरविले, तर ३३ भागिले ०.८, म्हणजे सुमारे ४१ युनिटांचा साठा हवा. शिशाच्या जुन्या पद्धतीच्या बॅटरीतून निम्मेच वापरणे हितावह असल्यामुळे तो ६६ युनिटांचा लागेल.

युनिटांबरोबर एकाच वेळी किती वॅट लागतात हेही पाहिले पाहिजे. सायंकाळी साठही घरांत सर्व काही चालू असेल, तर घरटी १२२ वॅट धरून ७.३ किलोवॅट होतात. दिवसा मोटार व गिरणी एकदमच चालली, तर ती दोनच ७.५ किलोवॅट घेतात. शिवाय मोटार सुरू होते त्या क्षणी ती नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते. इन्व्हर्टर त्या भाराने बंद पडतो आणि गावात ‘लाईट गेली’ अशी ओरड होते. यावर उपाय शाळेला परिचित आहे, तो म्हणजे वेळापत्रक. सकाळी १० ते १ मोटार व दुपारी १ ते ४ गिरणी, असे ठरविल्यास लहान इन्व्हर्टरवर भागते. विद्यार्थ्यांनी आपल्या वाडीचे असे वेळापत्रक तयार करावे, आणि ढगाळ दिवशी काय प्रथम बंद करावयाचे त्याचा क्रमही लिहावा. पाणी व औषधे शेवटपर्यंत चालू राहिली पाहिजेत, हे तत्त्व त्या क्रमात दिसावे.

पाचवी तासिका : पैसा व जबाबदारी

हा भाग पुष्कळदा गाळला जातो, आणि जाळी बंद पडतात ती याच ठिकाणी. पॅनेले सुमारे २५ वर्षे टिकतात, बॅटरीचे आयुष्य त्याहून बरेच कमी असते. केवळ उदाहरणाकरिता असे धरू की बॅटऱ्यांची किंमत ६ लाख रुपये असून त्या १० वर्षांनी बदलाव्या लागणार आहेत. १२० महिन्यांत ६ लाख जमविण्यास दरमहा ५,००० रुपये, व ६० घरांत वाटून घरटी सुमारे ८३ रुपये बाजूला पडले पाहिजेत. देखरेखीचे वेतन व दुरुस्ती निराळी. एखाद्या देणगीतून संच फुकट मिळाला, तरी हे ८३ रुपये सुटत नाहीत. दहाव्या वर्षी देणगीदार येईलच असे नाही.

येथे तीन खऱ्या गावांच्या कथा सांगाव्यात.

पहिली कथा पुणे जिल्ह्यातील दरेवाडीची. सह्याद्रीतील या सुमारे ४० घरांच्या वाडीत २०१२ साली पुण्याच्या ग्रामऊर्जा या संस्थेने ९.४ किलोवॅटचे सौर वीजजाळे उभे केले. उभारणीचा खर्च बाहेरून आला. परंतु घरोघर मीटर बसविण्यात आले आणि वापरलेल्या युनिटांप्रमाणे पैसे जमवून जाळे चालविण्याचे काम गावकऱ्यांच्या हाती देण्यात आले. मीटर असल्यामुळे, शेजारी जास्त वापरतो व पैसे मात्र सारखेच, या तक्रारीला जागा उरत नाही.

दुसरी कथा बिहारमधील जहानाबाद जिल्ह्यातील धरनई गावाची. तेथे २०१४ साली १०० किलोवॅटचे सौर जाळे मोठ्या समारंभाने सुरू झाले. परंतु गावकऱ्यांना शीतकपाटे व मोठी उपकरणे चालवावयाची होती. जाळ्याची शक्ती तेवढी नव्हती व विजेचा दरही मुख्य जाळ्याहून अधिक होता. ‘आम्हांस खरी वीज हवी’, अशी मागणी त्यांनी केली. पुढे मुख्य जाळ्याची स्वस्त वीज आली, लोक तिकडे वळले आणि काही वर्षांत सौर जाळे बंद पडले. येथे यंत्राचा दोष नव्हता. लोकांना आज काय हवे व उद्या काय हवे होईल, आणि मुख्य तार आल्यावर या जाळ्याचे काय करावयाचे, या प्रश्नांची उत्तरे अपुरी राहिली.

तिसरी कथा नेपाळची. तेथील डोंगरांत गावोगाव ओढ्यांवर लहान जलविद्युत केंद्रे उभी राहिली. मुख्य जाळे पोचल्यावर त्यांतील कित्येक निरुपयोगी ठरू लागली. परंतु नुवाकोट जिल्ह्यातील स्यौरेभूमी येथील २३ किलोवॅटचे केंद्र २०१८ साली मुख्य जाळ्यास जोडण्यात आले व गावाला उरलेली वीज विकता येऊ लागली. धरनईला जे साधले नाही, ते येथे साधले.

आपल्याकडील कायद्यासंबंधी विद्यार्थ्यांना एवढे सांगणे पुरे : २००३ च्या विद्युत कायद्यान्वये, अधिसूचित ग्रामीण भागात वीज निर्माण करून तेथेच वाटण्यास वेगळा परवाना लागत नाही. सुरक्षिततेचे नियम मात्र सर्वांना लागू आहेत.

शाळेपुरते स्वतंत्र जाळे

शिक्षकांनी एक गोष्ट मुद्दाम लक्षात घ्यावी. अनेक शाळांच्या छपरांवर आज सौर पॅनेले दिसतात. त्यांपैकी जे संच बॅटरीवाचून मुख्य तारेस जोडलेले असतात, ते मुख्य पुरवठा बंद होताच स्वतःहून बंद पडतात. भर उन्हातही त्यांची वीज मिळत नाही. हा दोष नसून ती सुरक्षेची योजना आहे. तार दुरुस्त करण्यास खांबावर चढलेल्या वायरमनच्या अंगावर आपल्या छपरावरील वीज जाऊ नये, हा तिचा हेतू आहे. परंतु त्यामुळे असे होते की ज्या दिवशी शाळा पूरग्रस्तांनी भरलेली असते, नेमक्या त्याच दिवशी छपरावर पॅनेले असूनही खाली अंधार असतो. मुख्य तारेपासून शाळेला तोडून, तेवढ्याच इमारतीस वीज देऊ शकणारा इन्व्हर्टर व बॅटरी असेल, तरच अशा वेळी दिवा लागेल. आपल्या शाळेतील संच कोणत्या प्रकारचा आहे, हे पावसाळ्यापूर्वी विचारून घ्यावे.

निवाऱ्याचा हिशेब मोठा नाही. ९ वॅटचे १० दिवे १२ तास, सुमारे १.१ युनिट, १०० मोबाईल भारित करणे, १.५ युनिट, पाणी शुद्ध करण्याचे यंत्र, ०.५ युनिट, औषधांचे लहान शीतकपाट, १ युनिट. एकूण सुमारे ४ युनिट. पावसाळी उत्पादन व घट धरूनही सुमारे ३ किलोवॅटची पॅनेले आणि दोन दिवसांच्या गरजेएवढा, म्हणजे ८ युनिट प्रत्यक्ष वापरता येतील असा साठा पुरतो. जागेसंबंधी एकच कटाक्ष ठेवावा. २०१९ व २०२१ च्या पुराची रेषा गावात जेथपर्यंत गेली होती, तिच्या बऱ्याच वर बॅटरी व इन्व्हर्टर असावेत. ही रेषा गावातील वडीलधाऱ्यांना विचारून विद्यार्थ्यांनी शोधावी व शाळेच्या भिंतीवर रंगाने आखून तिच्यापुढे साल लिहावे. शाळाच त्या रेषेखाली येत असेल, तर निवारा दुसरीकडे योजावा व वीजही तेथेच न्यावी.

स्वाध्याय

१. आपल्या घरातील उपकरणांचा एका दिवसाचा हिशेब मांडून त्याचा महिन्याचा आकडा देयकातील युनिटांशी ताडून पाहा. फरक का पडला, ते लिहा.
२. नमुन्यातील वाडीत आणखी १० घरे वाढली, तर किती किलोवॅटची पॅनेले लागतील?
३. ३० लिटर प्रवाह व २० मीटर उंची असलेल्या ओढ्यापासून किती वॅट वीज हाती येईल?
४. ‘संच फुकट मिळाला, मग पैसे कशास भरावयाचे?’ असे म्हणणाऱ्या गावकऱ्यास तुम्ही काय सांगाल?
५. ढगाळ दिवशी वीज अपुरी पडली. गिरणी, दूरदर्शन, पाण्याची मोटार, रस्त्यावरील दिवे, औषधांचे शीतकपाट यांपैकी कोणते आधी व कोणते शेवटी बंद कराल? कारणे द्या.

समारोप

या पाठाने गावात वीजजाळे उभे राहील, असा दावा नाही. ते काम अभियंत्यांचे, ग्रामपंचायतीचे व शासनाचे आहे. परंतु अभियंता गावात येतो तो एखाद्या दिवसासाठी. कोणाच्या घरी रात्री आजारी माणूस जागत असते, ओढा कोणत्या महिन्यात आटतो, पुराचे पाणी कोणत्या पायरीला लागले होते, हे त्याला ठाऊक नसते. ते गावाला ठाऊक असते, आणि गावात ते नीट लिहून ठेवण्याची सवय जेथे लावता येते असे ठिकाण शाळा हेच होय. सातवीच्या वर्गाने केलेली मोजणी वहीत स्वच्छ उतरवून तिची एक प्रत ग्रामपंचायतीस द्यावी आणि एक शाळेत ठेवून दरवर्षी पुढच्या वर्गाकडून ती सुधारून घ्यावी. ज्या दिवशी गावाच्या विजेचा विचार करावयास कोणी बसेल, त्या दिवशी त्याच्यापुढे ठेवावयास हिशेब तयार असेल.